नान्सेनची हिमवारी

सिंहगडाची गोष्ट आपण चौथीच्या इतिहासापासून ऐकत आलो आहोत. तानाजी पडला, मावळ्यांचे पाय मागे वळले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले आणि पळून जायला वाटच उरली नाही, अशी ती गोष्ट. तिच्यामुळे परतीचे दोर कापणे हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो वापरताना कडाही आठवत नाही आणि दोरही. परंतु लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत दोर कापणे निराळे. आणि टेबलावर नकाशा पसरून, खर्चाचा अंदाज मांडता मांडता, शांत डोक्याने ते कापण्याचे ठरवणे निराळे. हे दुसरे काम एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने 1888 साली केले. तो नॉर्वे देशाचा होता. त्याचे नाव फ्रिट्यॉफ नान्सेन.

नान्सेनचे नाव आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत येते : उत्तर ध्रुवाकडे गेलेला संशोधक, 1922 च्या शांतता नोबेल पारितोषिकाचा मानकरी. ती ओळ खोटी नाही. पण ती पाठ करताना मला नेहमी वाटे की, ध्रुवाकडे जाणारा माणूस शांततेच्या पारितोषिकापर्यंत कोणत्या वाटेने पोचला असेल? म्हणून मी त्याचे चरित्र मुळापासून वाचायला घेतले आणि त्यातल्या एकाच प्रवासापाशी अडकून पडलो. तो म्हणजे त्याने स्कीवरून केलेला ग्रीनलँडचा प्रवास. या लेखात त्या प्रवासालाच जास्त जागा गेली आहे, हे आधीच सांगतो.

स्की म्हणजे दोन्ही पायांना बांधायच्या लांब, अरुंद, टोकाशी वर वळलेल्या लाकडी पट्ट्या. त्यांच्यामुळे माणसाचे वजन पसरते, पाय रुतत नाही आणि उतारावर घसरत वेगाने जाता येते. आज तो श्रीमंतांचा खेळ झाला आहे. परंतु उत्तरेकडच्या देशांत ती हजारो वर्षांपासूनची वहाण आहे. आपल्याकडे बैलगाडी जशी कुणी हौसेसाठी जुंपत नसे, तसेच ते.

इथे भाषेची एक अडचण आहे. गोळेवाल्याच्या रंध्यावर किसला जातो तोही आपल्याला बर्फ आणि आकाशातून पडतो तोही बर्फच. नॉर्वेच्या माणसाचे एवढ्यावर भागत नाही. म्हणून या लेखापुरते आकाशातून भुरभुरत येते ते हिम आणि गोठून दगड होतो तो बर्फ, असे समजावे. हिमाच्याही जाती अनेक. ताजे पिठासारखे, वाऱ्याने दाबलेले, वर कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत, दिवसा उन्हाने पाणावलेले, रात्री पुन्हा गोठून रवाळ झालेले. शेतकऱ्याच्या घरातले वाचक एक शब्द ऐकून लगेच ओळखतील : वाफसा. पावसानंतर जमीन फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही, अशी जी नेमकी अवस्था येते, तिच्यातच पाभर नीट चालते. पंचांगात पेरणीचा मुहूर्त असतो, वाफशाची तारीख नसते. स्कीचेही असेच आहे. हिमाला वाफसा असेल तर माणूस वाऱ्यासारखा जातो, नसेल तर तोच रस्ता दसपट लांब होतो. नान्सेनच्या प्रवासाची सगळी गोष्ट या वाफशाची आहे, असे माझे मत झाले आहे.

नान्सेनचा जन्म 10 ऑक्टोबर 1861 रोजी क्रिस्तियानिया शहराजवळ झाला. हेच शहर आज ऑस्लो म्हणून ओळखले जाते. वडील वकील, स्वभावाने अत्यंत काटेकोर. आई खानदानी घराण्यातली. पण बायकांनी स्की करणे शोभत नाही असे मानण्याच्या काळात तिला स्कीची आवड होती. मुलाचे लहानपण रानात आणि हिमात गेले. विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र निवडले, त्यातही रानात हिंडायला मिळेल हा एक हेतू होता म्हणतात. 1882 साली तो सीलच्या शिकारीला निघालेल्या एका जहाजावरून उत्तरेकडील समुद्रात गेला. ते जहाज ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यासमोर बर्फात अडकले. कित्येक दिवस समोर तो किनारा दिसे आणि कोणी तिकडे जाऊ शकत नसे. तिथेच त्याच्या मनात बी पडले.

त्यानंतर त्याला बर्गन शहराच्या संग्रहालयात नोकरी लागली. ही नोकरी त्याने नावापुरती केली नाही, हे सांगायला हवे, कारण साहसी माणसे अभ्यासात कच्ची असतात असा आपला एक आवडता समज आहे. सहा वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली डोळे घालून त्याने खालच्या दर्जाच्या सागरी प्राण्यांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास केला. मज्जापेशी एकमेकींत मिसळून एकच जाळे झालेले असते, असे त्या काळी अनेक मोठे शास्त्रज्ञ मानत. त्या स्वतंत्र असतात, हे म्हणणाऱ्या पहिल्या काही लोकांत या तरुणाची गणना होते. मधल्या काळात, 1884 च्या हिवाळ्यात, क्रिस्तियानियाच्या स्की शर्यतीसाठी तो बर्गनकडून मधले पहाड स्कीवरून एकट्याने ओलांडून गेला आणि तसाच परत आला.

आता ग्रीनलँडविषयी. जगातले हे सर्वांत मोठे बेट. त्याचा बहुतेक भाग बर्फाच्या जाड थराखाली गाडलेला. 1888 पूर्वी ते कोणीही या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओलांडलेले नव्हते. आत काय आहे, याविषयी तर्क चालत. स्वीडनचा प्रसिद्ध प्रवासी नॉर्डेनशेल्ड याला तर मध्यभागी बर्फमुक्त हिरवी भूमी असावी असे वाटे. ती शोधायला तो 1883 साली पश्चिमेकडून आत गेला. त्याच्या तुकडीत दोन सामी होते. सामी म्हणजे उत्तरेकडे रेनडिअर पाळणारे लोक. पूर्वी त्यांना लॅप म्हणत. पुढचा टप्पा नॉर्डेनशेल्डने या दोघांना स्कीवरून पाठवले. ते 57 तासांनी परत आले आणि म्हणाले की आम्ही शेकडो किलोमीटर आत जाऊन आलो, हिरवळ कुठे नाही, सगळीकडे हिमच हिम आहे आणि ते स्कीसाठी उत्तम आहे.

त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. इतक्या वेळात इतके अंतर कोणी कापू शकेल काय? मग 1884 साली नॉर्डेनशेल्डने स्वीडनमध्ये 220 किलोमीटरची स्की शर्यतच ठेवली. त्या दोघांपैकी एक, पावा लार्स टुओर्डा, ती एकवीस तास आणि काही मिनिटांत जिंकला. त्यांनी सांगितलेला आकडा किती बरोबर, हा वाद पुढेही राहिला; पण असा वेग शक्य आहे, हे सिद्ध झाले.

नान्सेनने या सामींची बातमी वर्तमानपत्रातून ऐकली. विद्वानांनी तीत अंतराचा आकडा पाहिला. नान्सेनने दुसराच शब्द पकडला : हिम स्कीसाठी उत्तम आहे. म्हणजे वर वाफसा आहे! माझ्या दृष्टीने या प्रवासाचा खरा आरंभ इथे झाला.

पूर्वीच्या सर्व तुकड्या पश्चिमेकडून निघत, कारण पश्चिम किनाऱ्यावर डॅनिश वसाहती होत्या, माणसे होती, अन्न होते. नान्सेनने हे उलटे केले. पूर्व किनारा जवळजवळ निर्मनुष्य, पुढे तरंगत्या बर्फाचा पट्टा. तिथे उतरायचे आणि पश्चिमेकडे चालायचे. जहाज थांबणार नाही. मागे छावणी नाही, धान्य नाही, काही नाही. लोकांना हा वेडेपणा वाटला. परंतु त्याचा हिशेब साधा होता. पश्चिमेकडून निघालेल्याला पूर्वेला पोचून पुन्हा पश्चिमेला यावे लागणार, म्हणजे अंतर दुप्पट, ओझे दुप्पट. शिवाय मागे ऊबदार घर आहे हे माहीत असलेला माणूस पहिल्याच वाईट वादळात मागे वळतो. पूर्वेकडून निघालेल्याचे घर पुढे असते.

त्याने सरकारकडून 5,000 क्रोनर मागितले. ते मिळाले नाहीत. एका खासगी माणसाच्या ग्रीनलँडच्या सहलीसाठी लोकांनी पैसा का द्यावा, असा सूर वर्तमानपत्रातून निघाला. एका विनोदी पत्राने तर जाहिरातच छापली : लवकरच नान्सेन ग्रीनलँडच्या बर्फावर स्कीचे प्रयोग करून दाखवणार आहेत, बर्फाच्या भेगांत राखीव जागा मिळतील आणि परतीचे तिकीट काढण्याची गरज नाही! शेवटी डेन्मार्कच्या ऑगस्टिन गामेल या व्यापाऱ्याने ते पैसे दिले. आपल्या देशाच्या माणसाला परक्या देशाच्या व्यापाऱ्याने मदत करावी, ही गोष्ट नॉर्वेला पुढे बोचली असली पाहिजे.

तयारी पाहिली की तो वेडा होता असे म्हणवत नाही. दुसऱ्यांचे तयार सामान घेण्याऐवजी त्याने जवळजवळ प्रत्येक वस्तू स्वतः आखली. ओढायच्या घसरगाड्या लांब, हलक्या आणि लवचीक. खालच्या पट्ट्या स्कीसारख्या रुंद, म्हणजे मऊ हिमात रुतायला नकोत. स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी, उष्णता वाया न घालवणारी चूल. आणि स्कीचे नऊ जोड : दोन ओकचे, सात बर्चचे. बर्चच्या स्कीखाली त्याने पोलादाचे पातळ पत्रे मारले होते आणि मध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या केसाळ कातड्याची पट्टी बसवली होती. ओल्या, रवाळ हिमावर पोलाद घसरावे आणि चढावर केसांनी पकड घ्यावी, हा हेतू. याशिवाय रुतू नये म्हणून पायाला बांधायची हिमपादत्राणे वेगळी घेतली. म्हणजे हिम कसे असेल ते आपल्याला माहीत नाही, हे त्याने सामानाच्या यादीतच मान्य करून टाकले होते.

माणसे सहा. स्वतः नान्सेन. ऑटो स्वेर्ड्रुप, दर्यावर्दी, अत्यंत अबोल. ओलुफ डिट्रिक्सन, लष्करातला. क्रिस्तियान क्रिस्तियानसेन, शेतावरचा चोवीस वर्षांचा तरुण. आणि दोन सामी : सामुएल बाल्टो आणि ओले रावना. सामी माणसे हिम जन्मापासून ओळखतात, म्हणून नान्सेनने पत्राने ती मागवली होती. अट अशी की तिशी-चाळिशीची असावीत आणि लग्न झालेले नसावे. प्रत्यक्ष आले ते असे : बाल्टो सत्तावीस वर्षांचा, आणि रावना पंचेचाळिशीचा, घरी बायको आणि पाच मुले. तोवर दुसरे शोधायला वेळ राहिला नव्हता.

इथे मी थोडा थांबतो. नान्सेनने स्वतःचे दोर कापले, ठीक आहे. स्वेर्ड्रुपने विचार करून कापले. पण रावनाचे काय? तो पगारावर आला होता. आपण कोणत्या योजनेत सामील होत आहोत, हे त्याला पुरते समजले होते असे वाटत नाही. चरित्रकार या ठिकाणी घाईने पुढे जातात. मला तसे जाता येत नाही. पाच मुलांच्या बापाला, मागे वाट न ठेवणाऱ्या प्रवासावर नेण्याचा अधिकार कोणाला पोचतो काय? सूर्याजीने दोर कापले तेव्हा सगळे मावळे एकाच कार्यासाठी चढलेले होते. रावनाला ग्रीनलँडच्या मध्यभागी काय आहे, याची पर्वा असण्याचे कारण नव्हते. नान्सेन मोठा होता, याविषयी मला शंका नाही. पण त्याच्या योजनेतली ही बाजू लंगडी आहे आणि ती लंगडीच म्हटली पाहिजे.

नान्सेनने 28 एप्रिल 1888 रोजी डॉक्टरेटच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा दिली आणि चारच दिवसांत निकालाची वाट न पाहता प्रस्थान ठेवले. आइसलँडहून एका सील-शिकारी जहाजाने त्यांना ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्याजवळ नेले. 17 जुलैला ते सहा जण दोन होड्यांत उतरले. किनारा सुमारे वीस किलोमीटरवर दिसत होता. एका दिवसाचे काम.

त्याला बारा दिवस लागले. तरंगत्या बर्फात एका होडीला भोक पडले. ती दुरुस्त करण्यासाठी बर्फाच्या मोठ्या लादीवर चढले, तर समुद्राचा प्रवाह ती लादी घेऊन दक्षिणेला निघाला. किनारा दिसत राहिला आणि मागे सरकत राहिला. एका रात्री लादी मोकळ्या समुद्राच्या फुटणाऱ्या लाटांपाशी जाऊन पोचली. बाकीचे तंबूत झोपलेले, पहाऱ्यावर स्वेर्ड्रुप. लाटा लादीवर येऊ लागल्या, तो सर्वांना उठवणार, एवढ्यात लादी आपोआप पुन्हा आत वळली. सामी दोघे या दिवसांत आपल्या भाषेतला नवा करार वाचत बसत. त्यांना मरण समोर दिसत होते आणि त्यांनी ते लपवले नाही. 29 जुलैला पाय जमिनीला लागले तेव्हा ते ठरलेल्या जागेपासून जवळजवळ 380 किलोमीटर दक्षिणेला होते. उन्हाळा संपत आलेला. पुन्हा होड्या वल्हवत उत्तरेकडे, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उमिविक या ठिकाणी पोचल्यावर नान्सेनने ठरवले की आता इथूनच चढायचे.

15 ऑगस्टच्या रात्री चढाई सुरू झाली. रात्री का? कारण दिवसा ऊन पडले की वरचे हिम पाणावत होते, गाड्या रुतत, भेगांवरचे हिमाचे पूल कमजोर होत. रात्री तेच गोठून घट्ट होई. म्हणून दिवसा झोप, रात्री चाल. नंतर वर गेल्यावर रात्री इतकी थंडी पडू लागली की पुन्हा दिवसा चालायला सुरुवात केली. घड्याळ बाजूला ठेवून हिमाच्या सोयीने दिवस-रात्र बदलणारी ही माणसे पाहिली की मला उन्हाळ्यात रात्री नांगरट करणारे आमच्याकडचे लोक आठवतात. सुरुवातीलाच पावसाने गाठले. हो, हिम नव्हे, पाऊस! तीन दिवस तंबूत पडून राहावे लागले. काम नाही तर खाणेही कमी, या हिशेबाने त्या दिवसांत जेवण एकदाच.

ज्या स्कीच्या भरवशावर सगळी योजना उभी होती, त्या पहिले दोन आठवडे गाड्यांवर ओझे म्हणूनच पडून होत्या. एवढ्या चढावर जड गाड्या ओढताना त्यांचा उपयोग नव्हता. प्रत्येकाच्या मागे शंभर किलोच्या आसपास वजन. वर चढावे तसे ताजे हिम कोरडे होत गेले, आणि आता नवीच पीडा. अतिशय थंड, कोरड्या हिमावर गाडी घसरत नाही, ती वाळूत ओढल्यासारखी ओढावी लागते. याचे कारण असे की घसरताना घर्षणाने हिमाचा अगदी पातळ थर वितळतो आणि ते पाणी वंगणाचे काम करते. कडाक्याच्या थंडीत ते वितळणे होतच नाही. हिमाचे कण वाळूच्या खड्यांसारखे टोकदार राहतात. पोलादाची पट्टी असेल तर ती उष्णता पळवते आणि आणखी अडते. ज्या ओल्या हिमासाठी बर्चच्या स्कीला पत्रे मारले, ते हिम स्की पायात असताना फारसे भेटलेच नाही. इतक्या विचाराने केलेली तजवीज आणि तिची गरजच पडू नये!

अन्नातही एक चूक झाली होती. सुकवलेल्या मांसात भरपूर चरबी असेल असे नान्सेनने गृहीत धरले होते; पण कोपनहेगनच्या कारखान्याने ते चरबीशिवाय बनवले. ही गोष्ट कळली तेव्हा उशीर झाला होता. पोट भरे, पण भूक जात नसे. लोण्याचा तुकडा आठवड्याला मोजून मिळे. शेवटी शेवटी अबोल स्वेर्ड्रुपनेही विचारले की, बुटांना चोळायचे तेल प्यायले तर चालेल काय? पाण्याचेही हाल. चहूकडे गोठलेले पाणी आणि घशाला कोरड, कारण हिम वितळवायला स्पिरिट मोजकेच. मग पत्र्याच्या चपट्या बाटल्यांत हिम भरून त्या अंगावरच्या कपड्यांच्या आत ठेवायच्या आणि अंगाच्या उबेने जे घोटभर पाणी होईल ते प्यायचे.

ऑगस्टच्या शेवटी मोठा निर्णय आला. मूळ मुक्काम क्रिस्तियानहोब ही वसाहत, सुमारे 600 किलोमीटर वायव्येला. समोरून वादळी वारा, हिम खराब, दिवस निसटलेले. नान्सेनने नकाशा काढला आणि तोंड फिरवले : आता गॉथोब. हे ठिकाण म्हणजे आजचे नूक, ग्रीनलँडची राजधानी. वाट जवळजवळ 150 किलोमीटरने कमी झाली. साथीदारांना आनंद झाला. अनेकांना यात विशेष वाटणार नाही, पण मला वाटते. वर्षानुवर्षे मनात घोळवलेली, चारचौघांत जाहीर केलेली जागा सोडून देणे हट्टी माणसाला जमत नाही. त्याने मागचा दोर कापला होता. पुढच्या वाटा मात्र मोकळ्या ठेवल्या होत्या. मार्ग बदलल्यामुळे वारा पाठीशी घेता आला. तंबूच्या तळाचे कापड शीड म्हणून गाड्यांवर चढवता आले.

सप्टेंबरच्या आरंभी एकदाच्या स्की पायात चढल्या आणि मग तीन आठवडे उतरल्या नाहीत. टुओर्डा आणि त्याच्या सोबत्याने सांगितलेले ते हिम आता भेटले. त्या पिठासारख्या हिमात नुसत्या बुटांनी चालणारा माणूस दर पावलाला खचला असता. स्कीवाला वरून जात होता. 11 सप्टेंबरच्या सुमारास ते माथ्यावर पोचले, उंची 2,700 मीटरांहून अधिक. रात्री उणे चाळीस अंशांच्याही खाली. तंबूच्या आत श्वासाचे हिम होऊन अंगावर पडे. मध्यभागी हिरवळ नव्हती, डोंगर नव्हता, काही नव्हते. ढालीच्या पाठीसारखा सलग पांढरा फुगवटा या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाच त्या प्रवासाचा मोठा शोध.

19 सप्टेंबरला पाठीमागून जोराचा वारा आला. गाड्या एकत्र बांधून शीड उभारले आणि ते उतारावरून अक्षरशः उडाले. दुपारी बाल्टो ओरडला, जमीन दिसली म्हणून. अंधार पडत होता, तरी वारा फुकट घालवायचा नाही म्हणून ते चाललेच होते. एवढ्यात नान्सेनला पुढे काळे काहीतरी दिसले. जवळ गेल्यावर कळले की ती बर्फातली प्रचंड भेग होती. अगदी काठावर गाड्या वळवल्या. दोन दिवसांनी त्यांना वाहते पाणी सापडले, तेव्हा ते पोट तडस लागेपर्यंत प्यायले.

पुढे बर्फ संपून समुद्राचा फाटा लागला. गॉथोब अजून लांब आणि होडी नाही. तंबूच्या तळाचे कापड, बांबू आणि तिथल्या बुटक्या विलोच्या फांद्या यांची स्वेर्ड्रुपने होडी शिवली. ती इतकी लहान की तीत दोघेच बसू शकत. 29 सप्टेंबरला नान्सेन आणि स्वेर्ड्रुप तीतून निघाले आणि 3 ऑक्टोबरला गॉथोबला पोचले. उमिविक सोडल्याला 49 दिवस झाले होते. तिथल्या डॅनिश अधिकाऱ्याने त्याला पहिली बातमी काय दिली असेल? की तुम्हाला डॉक्टरेट मिळाली आहे. बाकीचे चौघे काही दिवसांत सुखरूप आणले गेले. रावनाही. सहाही माणसे जिवंत परत आली, म्हणून माझा वरचा प्रश्न संपला असे मात्र मी मानत नाही. यश आले म्हणजे विचारण्याची गरज राहिली नाही, असे थोडेच आहे?

वर्षाचे शेवटचे जहाज दक्षिणेच्या बंदरातून निघण्याच्या बेतात होते. कयाकवाल्याबरोबर पत्रे धाडली; ती पोचली, पण जहाज थांबले नाही. सगळा हिवाळा तिथेच काढावा लागला. नान्सेनने तो फुकट घालवला नाही. तो एस्किमोंच्या घरी राहिला, कयाक चालवायला शिकला, त्यांचे अन्न खायला शिकला, आणि पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिले. युरोपियन लोकांनी या माणसांचे काय नुकसान केले, ते त्यात त्याने स्पष्ट मांडले आहे. पुढच्या नान्सेनची चाहूल मला त्या पुस्तकात लागते.

30 मे 1889 रोजी क्रिस्तियानियाच्या बंदरावर हजारो लोक लोटले. पाच हजार क्रोनर नाकारणारे शहर ते हेच. त्या गर्दीत सोळा वर्षांचा रोआल्ड आमुंडसेनही होता, जो 1911 साली दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला. नान्सेनचे प्रवासवर्णन 1890 साली निघाले आणि मध्य युरोपात स्कीचे वेड पसरले. ऑस्ट्रियातला माटियास झ्डार्स्की ते वाचून स्की मागवून बसला आणि आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी त्याने स्कीची निराळी पद्धत बसवली. आज आल्प्सवर जो खेळ चालतो, त्याच्या मुळाशी हे पुस्तक आहे.

यानंतरचे आयुष्य वेगाने सांगतो. 1889 साली एव्हा सार्स हिच्याशी लग्न. ती गायिका आणि उत्तम स्कीपटू. 1893 मध्ये 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात गोठवून घेऊन प्रवाहाबरोबर ध्रुवाकडे जाण्याचा प्रयत्न. पुन्हा तीच दोर नसलेली योजना. 14 मार्च 1895 ला जहाज सोडून योहान्सेन या एकाच सोबत्याबरोबर कुत्री आणि स्की घेऊन तो निघाला. 8 एप्रिलला 86 अंश 14 कलांवर पोचला. इतके उत्तरेला तोवर कोणी गेले नव्हते. तिथे बर्फाचे उंचवटे संपेनात, आणि पायाखालचा बर्फच दक्षिणेला वाहत होता. ध्रुव समोर असताना त्याने पाठ फिरवली. दोघांनी एक अख्खा हिवाळा दगडाच्या आणि वॉलरसच्या कातड्याच्या झोपडीत काढला आणि 1896 साली ते घरी आले. ज्याला मागे वळता येत नाही असे लोक समजत, तो वेळ आली तेव्हा बरोबर वळला.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्याच्यावर युद्धकैद्यांना घरी पोचवण्याचे काम सोपवले. पैसा जवळजवळ नव्हता. दोन वर्षांत चार लाखांहून अधिक कैदी घरी गेले. 1921 च्या रशियातील दुष्काळात त्याने सरकारांकडे मदत मागितली आणि ती नाकारली गेली, तेव्हा गावोगाव भाषणे देत त्याने लोकांकडून पैसा उभा केला. 1922 साली निर्वासितांसाठी ओळखपत्र सुरू झाले, ते 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून ओळखले जाते. ज्यांचा देशच उरला नाही, कोणत्याही सीमेवर ज्यांच्या हातात दाखवायला कागद नाही, त्यांच्यासाठी ते होते. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि लेखक नाबोकोव्ह यांच्याकडे तो होता. पण तो असणाऱ्यांतले बहुतेक साधे लोक होते. रावनासारखेच, दुसऱ्यांनी आखलेल्या मोहिमांत सापडलेले.

रावना आपल्या रेनडिअरांकडे परत गेला. बाल्टो 1898 साली अलास्काला गेला आणि तिकडेच राहिला. 1925 मध्ये अलास्कातील नोम गावी घटसर्पावरचे प्रतिविष पोचवणाऱ्या कुत्र्यांपैकी एका पुढाऱ्याचे नाव त्याच्यावरूनच 'बाल्टो' ठेवले होते. न्यूयॉर्कच्या बागेत त्या कुत्र्याचा पुतळा आहे.

फेब्रुवारी 1930 मध्ये अडुसष्ट वर्षांचा नान्सेन मित्रांबरोबर स्की करायला डोंगरात गेला. या वेळी तो मागे पडत होता, हे सोबत्यांच्या लक्षात आले. परत आल्यावर त्याने अंथरूण धरले. 13 मे रोजी तो आपल्या घरी वारला. 17 मे, नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी त्याची अंत्ययात्रा निघाली. त्याची रक्षा त्याच्याच घराच्या आवारात एका झाडाखाली ठेवली आहे.